विझणारी फायरप्लेस आणि नाझिरभाई

दुबईत आम्ही फायरप्लेस दुरुस्त करतो असं सांगितलं, की पुण्यातले नातेवाईक आधी इथलं तापमान विचारतात, मग हसतात. पण अल क्वोजच्या आमच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसचे फोन मी घेतो, आणि तक्रार कायम एकच असते: "गॅसची फायरप्लेस पेटते, पण टिकत नाही." दुरुस्तीला जातात रत्नागिरीचे नाझिरभाई. जॉब शीटवर ते एक ओळ लिहितात. बाकीचं चहाबरोबर सांगतात, आणि ते साठतच जातं.

*

एका व्हिलात ज्वाला फडफडून विझायची. नाझिरभाई गेले, तर एसी सोळावर आणि त्याचा झोत थेट बर्नरवर. समोर बाई शाल पांघरून बसलेल्या.

"मॅडम, दोन्हींपैकी एक बंद करा."

"एसी बंद केला तर उकडतं."

"मग फायरप्लेस?"

"ती बंद केली तर थंडी वाजते."

जॉब शीटवर ओळ आली: मशीन ठीक आहे.

*

एका बँकवाल्या साहेबांकडे बटण सोडलं की ज्योत जायची. आतल्या सेन्सरच्या टोकावर काजळी धरली होती. नाझिरभाईंनी पॉलिश पेपरने घासून पाच मिनिटांत चालू करून दिलं. साहेबांनी मला फोन केला. "पाच मिनिटांत होणारं काम? नीट तपासलं तरी का त्याने?"

पुढच्या वेळी तोच बिघाड झाला. नाझिरभाईंनी सगळी मशीन खोलून चादरीवर मांडली, दीड तास बसले, आणि पुन्हा तेच टोक घासलं. साहेबांनी आमच्या बॉसला ईमेल पाठवली: एक्सलंट सर्व्हिस.

*

अजमानला एक मराठी इंजिनियर राहतात. त्यांनी स्वतःच व्हॉल्व्ह बदलला, पाइप बदलला, तरी रोज संध्याकाळी फायरप्लेस बंद. नाझिरभाईंपुढे त्यांनी लॅपटॉप उघडून गॅस प्रेशरचे ग्राफ दाखवायला सुरुवात केली. शेजारी त्यांची मुलगी होमवर्क करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आजी टर्न्स ऑफ द सिलिंडर आफ्टर कुकिंग."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"नोबडी आस्क्ड मी."

*

आमच्या स्वतःच्या शोरूममधली फायरप्लेस एकदा कस्टमरसमोरच विझली. बॉस क्षणभरही गडबडले नाहीत. "हा इको मोड आहे, हबीबी."

कस्टमरने तसलीच बुक केली. आता त्याचा फोन येतो, इको मोड लागत नाही म्हणून.

*

मागच्या जानेवारीत नाझिरभाईंबरोबर मीही गेलो होतो, कारण मूळच्या पुण्याच्या एका साहेबांनी तिसऱ्यांदा तक्रार केली होती. फायरप्लेस बेडरूममध्ये. वीस मिनिटं चालायची आणि आपोआप बंद व्हायची. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई स्वेटर घालून बसल्या होत्या. धूळ येते म्हणून साहेबांनी खिडकी आणि भिंतीतली हवेची जाळी रुंद टेप मारून बंद केली होती.

नाझिरभाई म्हणाले, "खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की सेन्सर गॅस तोडतो. मशीन बरोबर आहे. टेप काढा."

"टेप राहणार. सेन्सर काढा."

"तो काढला तर माणूस झोपेतच जाईल, साहेब."

साहेबांनी तिथूनच बॉसना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बॉस म्हणाले, "नाझिर, कस्टमर सांगतो तसं कर. यल्ला, खलास."

"लिहून पाठवा, सर."

फोन कट झाला. नाझिरभाईंनी पाना खाली ठेवला. ते साहेबांना म्हणाले, "ठीक आहे, काढतो. फक्त आज तुम्ही आणि वहिनी याच खोलीत झोपा, दार लावून."

"आम्ही कशाला?" साहेब म्हणाले. "ही सासूबाईंची खोली आहे."

मग खुर्चीतल्या बाईंनी नाझिरभाईंना जवळ बोलावलं.

"त्या टेपचं टोक तुम्हाला सापडतंय का बघा," त्या म्हणाल्या. "माझ्या नखांनी निघत नाही."