सखादादाला आणायला पुसेगावला गेलो तेव्हा

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी ठरवून टाकलं. पुसेगावला जायचं आणि सखादादाला घरी कुरुंद्याला घेऊन यायचं. बायकोनं दशम्या बांधून दिल्या, वर शेंगदाण्याची चटणी. म्हणाली, "दादांसाठी चार जास्त टाकल्यात. येताना भूक लागते त्यांना."

सखादादा माझा थोरला भाऊ. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, हाडापेरानं मजबूत, पण जन्मापासून त्याची समज लहान लेकराएवढीच राहिली. बोलणं दोन-चार शब्दांचं. आई होती तोवर तिनं त्याचं सगळं केलं, ती गेल्यावर मी. अंघोळ घालायची, धोतर नेसवायचं, भाकरी कुस्करून द्यायची, रस्त्यानं चालताना मनगट धरायचं. उन्हाळ्यात मी हिवतापानं अंथरूण धरलं तेव्हा आमची गिरजामामी पुसेगावहून आली. मामा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, थोडी जमीन आणि मेंढरं एवढाच तिचा संसार. "दोन महिने नेते याला," म्हणाली. दोनाचे आठ झाले. निरोप धाडला की उलटा निरोप यायचा, "बरा हाय. राहू द्या."

मला मात्र राहवत नव्हतं. संध्याकाळी शेतातून आलो की हात धुताना मी अजून दोन माणसांपुरतं पाणी काढत होतो.

कुरुंद्याहून पुसेगावला जायचं तर पहाटेच बैलगाडीनं निघावं. वसमतच्या स्टेशनावर वेळेत पोचायचं तर दुसरा उपाय नाही. थंडी अशी होती की बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर गेलेली, मधूनच हळदीचं रान, पानं पिवळी पडायला लागलेली. वसमतला आगगाडी मिळाली. वाशीमकडून इकडं येणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, सोबत निजामाचे हाली सिक्के असू द्यावेत. इंग्रजी नाणं पाहून खिडकीवरचा बाबू फार तकलीफ देतो.

डब्यात समोर एक म्हातारबा कापसाच्या गाठोड्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "कुनीकडं चाललात?"

"पुसेगावला. भावाला आणायला."

"काहून? भांडून गेला का?"

"न्हाई. त्याला एकट्याला येता येत न्हाई."

"लहान हाय मग."

"माझ्याहून मोठा हाय," म्हणालो. म्हातारबांनी तंबाखूची चंची माझ्यापुढं केली.

हिंगोलीला उतरून आधी जेवून घ्यावं, पुढं वाटेत काही मिळत नाही. स्टेशनाबाहेरच्या खानावळीत ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं झणझणीत कालवण मिळालं. जर्मनच्या लढाईमुळं साखर नव्हती, म्हणून चहा गुळाचा. मला तो आवडला. तिथून पुसेगावकडं जाणारा एक रिकामा छकडा सापडला. रस्ता कच्चा, चाकोऱ्यांचा. ज्यांची पाठ दुखते त्यांनी खाली गवताचा भारा टाकून घ्यावा. माळरान लागलं तसा गाव मागं राहिला आणि दूरवर नुसते मेंढरांचे कळप दिसायला लागले. प्रत्येक कळपामागच्या माणसात मी दादाला शोधत होतो, आणि तो तिथं असणार नाही अशी खात्रीही होती.

उन्हं कलताना मामीच्या दारात पोचलो. मामी अंगणात बाजरी पाखडत होती.

"दादा कुठाय?"

"मेंढरांमागं."

"एकटा?"

"एकटा कसा? सत्तावीस मेंढरं हायेत की संगं."

मला हसू आलं नाही. थोड्या वेळानं धूळ दिसली. कळप आला आणि त्याच्यामागं खांद्यावर घोंगडं, हातात काठी घेतलेला सखादादा. उन्हानं रापलेला, थोडा वाळलेला. मला पाहून तोंडभर हसला, "बापू!" म्हणाला. मी पुढं झालो, तर त्यानं हात वर करून मला थांबवलं. आधी काम. मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी काठी आडवी धरून तो उभा राहिला आणि एकेक मेंढी आत सोडू लागला. प्रत्येकीचं नाव घेत होता. "कानी. भुरी. पांढरी. लंगडी. म्हातारी..."

दादाला पाचाच्या पुढं मोजता येत नाही. मामीनं मोजायला शिकवायचा नाद सोडून त्याला तोंडं ओळखायला शिकवली होती.

शेवटची मेंढी आत गेली तरी तो तिथंच उभा होता. "बुटकी न्हाई," म्हणाला. काठी उचलली आणि आल्या वाटेनं चालू लागला. दिवस बुडायला आला होता, खाली ओढा होता. मी त्याच्यामागं निघालो. मामीनं माझा सदरा मागून धरला.

"बस खाली."

"मामी, अंधार होईल!"

"त्याला बी दिसते ते. बस."

तेवढा वेळ माझ्या आयुष्यात कधी एवढा लांबला नव्हता. मामी पाखडत होती, पण तिचंही ध्यान वाटेकडं होतं. सुपातली बाजरी दोनदा खाली सांडली तेव्हा मला ते कळलं. शेवटी तो आला. बुटकी त्याच्या खांद्यावर, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. "काट्यात व्हती," एवढंच बोलला आणि तिला आत सोडून वाडग्याला झाप लावलं.

मग चुलीपुढं बसून त्यानं स्वतः भाकरी थापली. जाड, एका अंगाला फाटलेली. तव्यावर टाकताना बाही मागं गेली आणि त्याच्या मनगटावर मला भाजल्याचा लांब व्रण दिसला.

माझं डोकं फिरलं. "हे काय केलंस मामी? आमच्याकडं इतक्या वर्षांत याला ओरखडा न्हाई पडला. उद्याच घेऊन जातो."

मामीनं चुलीत काटकी सरकवली. "ज्या दिशी भाजला त्या दिशी मी बी रडले रं. दुसऱ्या दिशी तवा पुन्हा त्याच्याच म्होरं ठेवला. पयला महिनाभर नुसत्या काड्या मोडायला शिकवल्या. मग जाळ. मग पीठ. एक आलं की दुसरं. तुमी समदे त्याचं सारं करून राहिलात, तर त्यानं शिकावं कवा?"

"त्याला काय कमी होतं आमच्याकडं?"

"काईच कमी नव्हतं. पण मी किती दिसाची? तू तरी किती दिसाचा? हिवतापात पडलास, तुझ्या बायकोला बी कशाचं भान नव्हतं, तवा त्याला तुझ्या उशाशी दोन दिस उपाशी बसलेला मी पाहिला. भाकरी टोपल्यात व्हती, बापू."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दादानं तेवढ्यात ती फाटकी भाकरी माझ्या ताटात टाकली आणि मी कसा खातो ते निरखत बसला. मी सगळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर माळावर गेलो. पुसेगावला जाणाऱ्यानं एक सकाळ तरी त्या माळावर घालवावी. वारा सपाट्यानं येतो, कोवळं ऊन पाठीवर बसतं, आणि मेंढरांच्या चरण्याचा बारीक आवाज सोडला तर काही ऐकू येत नाही. दादा पुढं, मी मागं. कोणत्या रानात कळप घालायचा, कोणत्या विहिरीवर पाणी पाजायचं, सारं त्याला पाठ. वाटेत एका शेतकऱ्यानं हाक मारली, "सखाराम, पाव्हणे कोण?" दादा म्हणाला, "भाऊ." त्याला कुणी पुऱ्या नावानं हाक मारताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दुपारी बाभळीखाली बसल्यावर विचारलं, "दादा, घरी येतो का?"

तो काठीनं माती उकरत बसला. त्याच्याऐवजी उत्तर द्यायची मला सवय; शब्द ओठांवर आलेसुद्धा. मी ते गिळले आणि थांबलो.

"न्हाई," तो म्हणाला. "पांढरी विणार हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तू राह्य."

"मला जायाचं हाय रं. रान हाय, लेकरं हायेत."

"बरं," म्हणाला, आणि उठून मेंढरांमागं गेला.

तिसऱ्या दिवशी निघालो तेव्हा तो रस्त्यापर्यंत आला होता. छकडा हलला तेवढ्यात दोन मेंढ्या कुणाच्या ज्वारीत शिरल्या. त्यांच्यावर ओरडत तो धावला. एवढा खडा आवाज त्याच्यात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. वळून पाहायचं तो विसरला. मी मात्र त्याचं घोंगडं दिसेनासं होईस्तोवर मागं बघत होतो.

परतीला हिंगोलीहून कळमनुरीमार्गे मोटारीनं आलो. पेट्रोल मिळत नसल्यामुळं मोटार कोळशाच्या धुरावर चालते. चढावर उतरून ढकलावी लागते, एवढी तयारी ठेवावी. आखाडा बाळापूरला बाजार भरला होता. तिथं आमच्या गावची गाडी मिळाली आणि दिवस मावळायच्या आत कुरुंद्याला पोचलो.

बायकोनं दादाची वाकळ उन्हात घालून ठेवली होती. तिनं गाडीत पाहिलं, मग माझ्याकडं. "दादा?"

"राहिले तिकडंच. काम हाय त्यांना."

तिनं वाकळ उचलून आत नेली.

याला आता दोन महिने झाले. घर मोठं वाटतं. चांगलं झालं हे मला कळतं, तरी रोज एकदा मनात येतं की गाडी जुंपावी आणि जावं. परवा गावात नवा आलेला पटवारी घरची माणसं विचारत होता. "थोरले बंधू काय करतात?" त्यानं सहज विचारलं. दादाच्या उभ्या जन्मात हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता. "मेंढरं राखतात, पुसेगावला," मी म्हणालो. तो पुढचं नाव विचारत होता, आणि मी सांगत होतो, "सत्तावीस हायेत. एकेकीला नावानं ओळखतात."