आमेननंतरचा घास

बाबांचं आमेन चर्चच्या मंडळीत प्रसिद्ध होतं. पाळकांची प्रार्थना संपली की सगळे आपापल्या बेताने आमेन म्हणत, आणि मग मागच्या बाकावरून बाबांचं यायचं. उपदेशात डुलक्या काढणारी निम्मी माणसं त्या आवाजाने जागी व्हायची. पोरांनी त्यांचं नाव ‘भोंगा’ ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. पेशाने ते रंगारी. चर्चच्या भिंती ते फुकट रंगवून द्यायचे, आणि शिडीवरून उतरल्यावर ओल्या भिंतीलाही एक आमेन ऐकवायचे.

घरात त्यांचा एकच कडक नियम होता. प्रार्थना होऊन आमेन म्हटल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. आणि प्रार्थना तरी कसली, मालगाडीच ती, डबे संपायचेच नाहीत. अन्नासाठी आभार, छपरासाठी आभार, शिडी घसरली नाही म्हणून आभार, शेजारच्या लंगड्या मांजरीसाठीसुद्धा. पोटात कावळे कोकलत असलेला धाकटा मुलगा एकदा म्हणाला होता, “बाबा, देवालाही जेवायचं असेल की.” त्याच्या पाठीत धपाटा बसला, पण दुसऱ्या दिवसापासून मांजर प्रार्थनेतून गळली.

गोष्ट मात्र त्यांच्या थोरल्या मुलीची आहे. थोरली इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. ओल्या चादरी तापलेल्या रुळांमधून काढायच्या, दोघींनी चार टोकं धरायची, झटकायची, घडी घालायची. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं तर म्हणायची, “केलं ना, चादरींशी. रोज नवी.” आई गेल्यावर घरात ती आणि बाबा दोघंच उरले.

मग बाबा विसरू लागले. आधी रंगांची नावं गेली, मग घराचा रस्ता. आई गेली हेही ते विसरले, आणि थोरलीला ते पुन्हा पुन्हा सांगावं लागे. दर वेळी ते नव्याने रडत. शेवटी तिने “बाजारात गेलीय” म्हणायला सुरुवात केली आणि खोटं बोलल्याबद्दल रोज क्षमा मागितली. त्यानंतर त्यांचे शब्दच गेले. मंडळीचा भोंगा पलंगावर मुका पडून राहिला. थोरलीने नोकरी सोडली. पलंगावरचा माणूस न उचलता त्याच्याखालची चादर बदलणं तिला जमायचं, तेवढीच इस्पितळाची शिदोरी घरी उपयोगी पडली.

धाकटा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. चर्च त्याने केव्हाच सोडलं होतं. फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायचा. “ताई, तू मरशील अशाने. त्यांना आश्रमात ठेवूया. तिथं नर्स असतात, नळी घालतात, सगळं वेळच्या वेळी होतं.”

“तोंडाने जेवतायत तोवर ते इथंच राहतील,” थोरली म्हणायची. बाबांना घरीच सांभाळीन असा तिने आईला शब्द दिला होता. डॉक्टरांनी मात्र सांगितलं होतं, की खाणं थांबलं तर पोटात नळी घालावी लागेल आणि मग हे घरी निभणार नाही.

आणि एक दिवस ते थांबलंच. चमचा ओठाशी नेला तरी तोंड उघडेना. तिने बटाटा कुस्करून पाहिला, दूध पाहिलं, लाडीगोडी केली, रागावून पाहिलं, सगळे उपाय करून हात टेकले. मग ती तिथंच गादीच्या कडेला डोकं टेकवून म्हणाली, “प्रभू, आता माझ्याच्यानं होत नाही. आमेन.” वर पाहिलं तर बाबांचं तोंड उघडलेलं. दात नसलेलं ते बोळकं पाहून थोरली हसली आणि हसता हसता रडली. सगळं गेलं होतं, तो नियम तेवढा शाबूत राहिला होता.

पण एका आमेनवर एकच घास जायचा. गिळलं की ते विसरत, आणि पुन्हा ओठ मिटत. मग पुन्हा प्रार्थना. सुरुवातीला ती प्रत्येक घासाला आभार मानायची, अगदी मनापासून. पण मनालाही दम लागतो. आभारांवरून ती दोन वाक्यांवर आली, दोनावरून एका शब्दावर. चमचा भरायचा, आमेन, चमचा आत. चमचा भरायचा, आमेन, चमचा आत. तान्ह्या मुलाला ‘आ कर’ म्हणावं तसं ती ते म्हणू लागली. कधी कुणी फोनवर असताना, कधी दाराकडे बघत, कधी चिडून, “आमेन म्हटलं ना, उघडा आता.” आपण काय करतोय हे तिला कळत होतं. चर्चमध्ये सगळ्यांबरोबर आमेन म्हणताना तिच्या उजव्या हाताची बोटं चमचा धरल्यासारखी मिटायची. तिने हे कुणालाच सांगितलं नाही. बाबा जेवत होते ना, मग झालं.

पुढे गिळणंही बिघडलं. घरी येणाऱ्या नर्सने घशाला हात लावून पाहिलं आणि बजावलं, “पाणीसुद्धा घट्ट करून द्यायचं. सुकं काही नको. पाव तर अजिबात नाही, चिमूटभरही नाही. फुप्फुसात गेला तर खोकलाही येणार नाही, कळणारसुद्धा नाही.” थोरलीने मान डोलावली. स्वयंपाकघराच्या कपाटातला पाव तिने शेजारणीला देऊन टाकला.

त्या रविवारी दुपारी नवे पाळक प्रभुभोजन, म्हणजे पावाची पवित्र भाकर आणि द्राक्षरस, घेऊन घरी आले. तरुण होते, पलंगाजवळ बसताना खुर्चीचा आवाज होऊ नये म्हणून जपत होते. बाबांची बहीण, म्हणजे आत्या, त्यांच्याबरोबर आली होती. आत्याच्या जिभेला हाड नव्हतं, पण भावावर जीव होता. थोरलीने नर्सचं सांगणं पाळकांच्या कानावर घातलं.

“मग नुसती प्रार्थना करूया,” पाळक म्हणाले. “प्रभू समजून घेतो.”

त्यांनी वचन वाचलं, सावकाश प्रार्थना केली आणि तिघांनी मिळून आमेन म्हटलं. बाबांनी तोंड उघडलं.

आत्या ओरडली नाही. तिचा आवाज एकदम खाली गेला. “बघा,” ती म्हणाली. “पाळकसाहेब, बघा हो. वर्ष झालं त्याला प्रभूची भाकर मिळून. तो मागतोय. मुका माणूस आणखी कसा मागणार?”

पाळकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी थोरलीकडे पाहिलं.

थोरलीने तेव्हा बोलायला हवं होतं. आत्या, ते मागत नाहीत, ती मी लावलेली सवय आहे, एवढं एक वाक्य. पण ते पाळकांसमोर कसं म्हणायचं? आमेनची आपण काय दशा केली हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि खरं सांगायचं तर तिलाही ते खरं असायला हवं होतं. एवढे महिने तो शब्द चमच्याबरोबर तोंडात कोंबत आली होती ती. एकदा, फक्त एकदा, त्या उघड्या तोंडामागे तिचे बाबा असावेत असं तिला वाटलं. तिने पाळकांच्या हातून भाकर घेतली, नखाएवढा तुकडा तोडला, द्राक्षरसात भिजवला आणि बाबांच्या जिभेवर ठेवला.

त्यांनी ओठ मिटले. घशाचा उंचवटा वर गेला, खाली आला. ठसका लागला नाही. आत्याने भावाच्या कपाळाची पापी घेतली.

दुसऱ्या दिवशी ताप चढला. श्वासात घरघर सुरू झाली. इस्पितळात नेलं तेव्हा पलंगावर तिच्याच धुलाईखान्याची चादर होती, कोपऱ्यात शिक्का मारलेली. बाबा आठवडाभरही टिकले नाहीत. कशाने झालं असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिने खरं ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, या आजारात हे कधी ना कधी होतंच. ते चांगुलपणाने बोलले होते, पण तिच्या गळी ते उतरलं नाही.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. पाळकांनी साक्ष दिली. सगळी स्मृती गेलेल्या या भावाने अखेरच्या दिवसांत स्वतः तोंड उघडून प्रभूला मागून घेतलं, असं ते सांगत होते तेव्हा बायका पदराने डोळे पुसत होत्या. आत्या शेजारी बसून थोरलीचा हात थोपटत होती. “भाग्यवान गं तुझा बाप.” ज्याने त्याने येऊन तिला हेच ऐकवलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं तेव्हा तिचे ओठ मिटलेलेच राहिले. बाबांनीच रंगवलेल्या त्या भिंतींमध्ये मागून येणारा आवाज त्या दिवशी आला नाही.

घरी आल्यावर आत्या थकून आत जाऊन आडवी झाली. धाकट्याने शेजाऱ्यांनी पाठवलेलं जेवण वाढलं आणि ताट तिच्यापुढे सरकवलं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

“जेव ताई.”

ती ताटाकडे बघत राहिली.

“कुणावर रागावलीस? माझ्यावर?”

“नाही रे.” ती म्हणाली, “त्यांनी मागितलं नव्हतं. मी शिकवलं होतं त्यांना.” आणि तिने त्याला सगळं सांगितलं, चमच्यापासून तुकड्यापर्यंत. धाकटा ऐकत होता. लहानपणी मांजरीवरून धपाटा खाल्लेला तो मुलगा, देवाचं नाव टाकलेला. तिचं ताट तसंच होतं, हात मांडीवर होते, ओठ घट्ट. मग त्याच्या लक्षात आलं की ती थांबली आहे.

त्याने एक घास तिच्या तोंडापाशी नेला, खाली बघितलं आणि अवघडून पुटपुटला, “आमेन.”

थोरलीचं तोंड उघडलं. तिने ते उघडलं नव्हतं, ते आपोआप उघडलं. घास आत गेला, आणि तो चावताना तिला कळलं की आता आपल्याला कुणी विचारलं, हे सवयीनं की विश्वासानं, तर आपल्यालाही सांगता येणार नाही.