रस्त्यापलीकडचं साठेखत

देवासात तेव्हा दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, मधे फक्त रस्ता. मी धाकट्या पातीतला, कारकूनसाहेब थोरल्या पातीच्या कचेरीतले. कबूल केलेलं घर मालक देईना म्हणून मी दावा लावला, तेव्हा त्यांच्या कचेरीत असलेलं साठेखत, म्हणजे घरविक्रीच्या कराराचा कागद, मला दाखवायला ते रस्त्याच्या त्यांच्या बाजूच्या कडेला आले. नेहमीसारखं आधी उपरणं सारखं केलं, मग कागद उंच धरला.

"वाचा, भिया," माळव्यातल्या रीतीने मला भाऊ म्हणत ते ओरडले. "कागद राज्याबाहेर जात नाही."

"अक्षर दिसत नाही, कारकूनसाहेब."

"दाखवणं माझं काम. दिसणं तुमचं."

तेवढ्यात वाऱ्याने कागद उडून माझ्या पायाशी पडला. मी तो द्यायला निघालो, तर ते दचकून मागे सरले.

"थांबा. तो आता तुमच्या राज्यात आहे."

मग त्यांनी दौत काढली, उपरणं सारखं केलं आणि अदबीने म्हणाले, "जरा उंच धरता का? नक्कल करून घेतो."