बंगला नसलेली बाग

आमच्या बागेत वाळकी पानं आणि किस्से रोज पडतात. पानं शालनकाकू झाडून टाकतात, किस्से मी गोळा करते. रहिमतपूरजवळची ही इनामदारांची बाग. बंगला माझ्या जन्माआधीच पडला. उरली भोवतीची उंच भिंत, अंजिराची झाडं आणि घुमटाचे दोन मंडप. मी बी.ए. इतिहास, इथं गाईड. देखरेखीला सुभेदारनाना, लष्करातून रिटायर झालेले. मालकीण ताई पुण्याला. बाग ठेवायची की प्लॉट पाडायचे, हे त्या यंदा ठरवणार होत्या. त्यामुळं आम्ही सगळेच धास्तावलेलो. मी तर जास्तच.

*

पहिल्याच दिवशी मंडपाच्या कोपऱ्यात उभी राहून मी पुटपुटले, "देवा, इथं साप नसू दे."

भिंतीतून आवाज आला, "हाय की. पर आत्ताच जेवून निजलाय."

मी थेट फाटकापाशी! मागून नाना आले. ते मंडपातच समोरच्या कोपऱ्यात पाठमोरे बसले होते. त्या घुमटाखाली एका कोपऱ्यातली कुजबुज दुसऱ्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू जाते. "बांधणाऱ्यानं लय डोकं लावलंय बगा," नाना कौतुकानं म्हणाले.

मंडपात परतताना मात्र काठी आपटत चालले.

*

एका जोडप्यानं मंडपाच्या गिलाव्यावर खिळ्यानं बदाम कोरला. मला ओरडायचं होतं, पण मी धावत काकूंना बोलवायला गेले. शालनकाकूंनी चुन्याचं घमेलं आणि थापी आणून दोघांपुढं ठेवली. "भरा आता."

पोरगा कुरकुरला, "काकू, आमचं लग्न ठरलंय हो."

"ठरू दे की. लगीन टिकंल न टिकंल, चुना टिकला पायजे."

लग्नानंतर दोघं पेढे घेऊन आली. आधी चुना बघितला, मग पेढे दिले.

*

आणि एक दिवस ताई आल्याच. सोबत प्लॉटिंगवाले साहेब, हातात टेप. मी अंजिराआड.

बंगल्याचं आता नुसतं जोतं आहे, त्यावर गवत. तरी काकू ते रोज झाडतात आणि दार होतं तिथं रांगोळी काढतात. बंगला होता तेव्हा त्यांच्या सासूबाई काढायच्या, म्हणून.

साहेब रांगोळी ओलांडून जोत्यावर चढले. "मॅडम, इथनंच सुरू करू. जागा मोकळीच आहे."

ताई रांगोळीपाशी थांबल्या. चपला काढल्या, कडेला नीट लावल्या.

"साहेब, आधी बूट काढा," त्या म्हणाल्या. "घर झाडलंय."

साहेबांनी पायाखालचं गवत पाहिलं, वरचं आभाळ पाहिलं. मग टेप गुंडाळून खिशात घातला आणि बुटाची नाडी सोडायला खाली बसले.