सुटलेल्या कॅचेसचा रकाना

आमच्याकडे बोलर मोठा की छोटा हे ठरवायची एकच रीत होती. दांड्या किती उडवल्या? ज्याने जास्त उडवल्या तो मोठा. एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही विषय निघाला की दोन मिनिटांत निकाल लागायचा आणि तो कायम माझ्या विरुद्ध लागायचा. कारण आमच्या टीममध्ये एक डावखुरा होता. उंच, देखणा, पळत आला की खळ्यातल्या बाया सूप खाली ठेवून बघायच्या. तो पहिल्या ओव्हरी टाकायचा. तेव्हा समोरच्यांचे हात अजून गरम व्हायचे असायचे, त्यामुळे त्याला विकेटी मिळायच्या. मी शेवटच्या ओव्हरी टाकायचो. त्या वेळी समोरचा प्रत्येक जण डोळे मिटून बॅट फिरवत असतो. मला मार पडायचा आणि वर बोलणीही बसायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. भाताची कापणी-मळणी उरकली की आम्ही चार खाचरांमधले बांध फोडून एक मैदान करायचो, मधल्या पट्टीवर शेणमातीचा काला घालून ती चोपायचो, आणि उन्हाळाभर टेनिस बॉलचे सामने चालायचे. मुरबाडपासून शहापूरपर्यंत जिथे बोलावणं येईल तिथे आमची टीम टेम्पोत बसून जायची.

माझा जिवलग दोस्त या टीममध्ये अकरावा होता. अकरावा म्हणजे अकरा भरत नाहीत म्हणून घेतलेला. बॅट धरता येत नव्हती, बॉल टाकता येत नव्हता. शहापूरच्या कॉलेजात गणित घेऊन शिकत होता, म्हणून स्कोअरची वही त्याच्याकडे दिली होती. फिल्डिंगला त्याला लेग साइडला बांधाच्या अलीकडे उभं करायचे, आणि माझ्या बोलिंगवर प्रत्येक हवेतला बॉल नेमका तिथेच जायचा. कधी तो दोन्ही हात वर करून बॉलच्या खालून निघून जायचा, कधी बॉल त्याच्या छातीवर आपटायचा. एकदा तर कॅच सोडून पाठोपाठ बांधावरून पलीकडे पडला. आम्ही हसून लोळलो, आणि त्याच बॉलवर माझ्या नावावर चार रन लागले.

त्या दिवशी परत येताना टेम्पोत तो वही उघडून बसला. मग म्हणाला, "ते चार रन तुझे नाय रे. कॅच माझ्याकडून सुटली. तुझं काम तू केलंस. मग ते तुझ्या नावावर कशाला?"

"मग कोणाच्या नावावर? तुझ्या?"

"माझ्या. येगळा रकानाच करतो."

असा तो रकाना सुरू झाला. विकेट मिळो न मिळो, बोलरने कॅच उडवायला लावली की ती त्याच्या बाजूने धरायची. मग एकातून एक निघत गेलं. फलंदाज किती वेळा चकला, ते वेगळं. पहिली ओव्हर आणि शेवटची ओव्हर यांना एकच माप लावायचं नाही. मैदानांनाही त्याने सूट द्यायला सुरुवात केली. टोकावड्याला रस्त्याच्या बाजूची हद्द अगदी जवळ, तिथला चौकार पूर्ण चौकार धरायचा नाही. म्हशाच्या जत्रेनंतर तिकडची जमीन गुराढोरांनी तुडवून दगडासारखी झालेली असते, बॉल डोक्यावरून जातो, तिथे विकेटी स्वस्त. भातसानगरच्या कॉलनीचं मैदान मोठं आणि सपाट, तिथे जो कमी मार खाईल तो खरा. सगळं मांडून झालं की तो बोलरांना ओळीने लावायचा, आणि त्या ओळीत मी डावखुऱ्याच्या पुढे असायचो. थोडाथोडका नाही, चांगलाच पुढे.

पहिल्यांदा सगळ्यांनी खुळ्यात काढलं. डावखुरा म्हणाला, "कॅचच सुटली तर ती विकेट कशी रे?" पण दोस्त प्रत्येक सामन्यानंतर टेम्पोत वही उघडून मोठ्याने वाचायचा आणि हळूहळू कॅप्टन ऐकायला लागला. "ह्याच्या हातात शेवटची ओव्हर दिली म्हणून आपन जिंकतो," असं एके दिवशी तो सगळ्यांसमोर बोलला. माझे वडील, जे आजवर "बॉल टाकून भात पिकत नाय" एवढंच म्हणायचे, त्यांनी चक्क मला विचारलं, आज वहीत काय आलं म्हणून. मी तर त्या वहीवर इतका विसंबलो होतो की मार पडला तरी मान खाली जायची नाही. कोणी डावखुऱ्याची बाजू घेऊन दोस्ताशी वाद घातला की तो म्हणायचा, "वहीत कोण सोयरा नाय." मला हे ऐकायला फार आवडायचं.

मग मुरबाडच्या एका कारखान्याची बातमी आली. तिथल्या एका साहेबाला क्रिकेटचं वेड होतं. कंपन्यांच्या सामन्यांसाठी त्याला एक बोलर हवा होता, आणि जो निवडला जाईल त्याला पॅकिंगमध्ये घेणार होते. आधी हंगामी, मग कायम. जागा एकच. मी बारावीनंतर वडिलांबरोबर शेतात आणि शेत नसेल तेव्हा रोजावर जात होतो. कारखान्यांच्या गेटवर उभं राहून माझे पाय दुखले होते. ही नोकरी म्हणजे माझं सगळं पुढचं आयुष्य होतं. साहेब आमच्या गावच्या स्पर्धेला येणार होता, पण त्याला दुपारी परत जायचं होतं, म्हणून त्याने कॅप्टनला निरोप धाडला होता की तुमच्या दोन्ही बोलरांची कामगिरी कागदावर लिहून ठेवा. कागद कोण लिहिणार हे सांगायला नकोच. मी त्या आठवडाभर शांत झोपलो.

रविवारी साहेब मांडवात बसला. मी त्याच्या खुर्चीमागे उभा होतो. दोस्ताने सुबक अक्षरातला कागद पुढे केला. मी वाकून पाहिलं. ओव्हरी, रन, विकेटी. बस. चकवलेले बॉल नाहीत. मैदानाची सूट नाही. सुटलेल्या कॅचेसचा रकाना नाही. आकडा एकही खोटा नव्हता. ज्याने आम्हाला तीन उन्हाळे शिकवलं की नुसत्या विकेटी मोजणं हा अडाणीपणा आहे, त्याने नुसत्या विकेटी मोजून आणल्या होत्या.

"हा डावखुरा तर सरळच पुढे आहे," साहेब म्हणाला.

मी खुर्चीमागून पुढे आलो. "साहेब, माझ्या बोलिंगवर कॅचेस सुटल्यात. त्याचा हिशेब वहीत आहे."

साहेबाने दोस्ताकडे पाहिलं. "असं काही ठेवता तुम्ही?"

दोस्त पेनाचं टोपण काढत आणि लावत होता. "नाय साहेब. तसलं काय आमी धरत नाय. कॅच सुटनं हा खेळाचाच भाग."

मी कॅप्टनकडे पाहिलं. त्याला ते रकाने तोंडपाठ होते, टेम्पोतल्या सगळ्यांनाच होते. कॅप्टनने नजर मैदानाकडे वळवली. बाकीचे कोणी बुटाची नाडी बांधत होते, कोणी पाणी पीत होते. साहेब हसून म्हणाला, "प्रत्येक बोलरला असंच वाटतं," आणि त्याने कागद घडी करून खिशात घातला.

कॅप्टनने मला मांडवामागे ओढलं. "गप ऱ्हा. तुला म्हायत नाय? पुढच्या आठवड्यात सुपारी फोडायची हाय."

"कोणाची?"

त्याने हनुवटीने दाखवलं. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला दोस्ताचे वडील आणि डावखुऱ्याचे वडील शेजारी शेजारी बसले होते, एकाच तबकातला विडा खात. दोस्ताच्या बहिणीची डावखुऱ्याशी बोलणी चालली होती, आणि मुलाला नोकरी नाही एवढ्यावरच घोडं अडलं होतं; ही जागा त्याला मिळणार असं धरूनच सुपारीचा दिवस काढला होता. आमच्याकडे ठरत आलेल्या सोयरिकीत कोणी मोडता घालत नाही. मुलगा दारू पीत असला तरी गाव तोंड उघडणार नाही, मग माझ्या कॅचेसची काय कथा. सगळ्यांना माहीत होतं. मला तेवढं कोणी सांगितलं नव्हतं.

मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. मी चिडलो असतो, शिव्या घातल्या असत्या. बहिणीसाठी भाऊ काय करत नाही, हे मला समजत होतं, मलाही बहीण आहे. पण त्याने मला आठवडाभर शांत झोपू दिलं. परक्याने लाथ मारली तर मी उठून उभा राहिलो असतो. याने केसाने गळा कापला, आणि तोही माझ्यासाठीच केलेला रकाना पुसून. राग येतो तो अजून या गोष्टीचा येतो.

डावखुरा कारखान्यात लागला, कायम झाला. लग्नाला मी गेलो. पंगतीत बसून जेवलो, आहेरही केला. मी नंतर शहापूरकडे एका गोदामात लागलो, माझं काही अडलं नाही. पण दोस्ताशी "कसा आहेस, बरा आहे" यापलीकडे गेलो नाही. तो वाटेत भेटला की काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि मी एसटी आल्यासारखा चालू लागायचो.

त्या रविवारी दुपारी मात्र आमची फायनल होती. साहेबाची जीप जेवणाआधीच गेली होती. खेळायची इच्छा उरली नव्हती, पण कॅप्टनने शेवटची ओव्हर माझ्याच हातात दिली. शेवटच्या बॉलवर समोरच्याला चार हवे होते. त्याने बॅट फिरवली आणि बॉल उंच गेला, कुठे जाणार ते मला न बघताच कळलं. बांधाच्या अलीकडे दोस्त उभा होता. बॉल खाली येईपर्यंत मी मनात म्हणत होतो, सोड. हरलो तरी चालेल, सोड.

त्याने ती घेतली. दोन्ही हातांत, छातीशी, स्वच्छ. गाव मैदानात धावलं, ताशा सुरू झाला. गर्दीतून तो बॉल धरून माझ्याकडे पळत आला. त्याचे डोळे भरले होते. "धरली रे! बघ, धरली! ही तुझ्या नावावर लिहितो."

"नको लिहू," मी म्हणालो. "खेळाचाच भाग."

तो बॉल तसाच पुढे करून उभा राहिला. मी तो घेतला नाही. खरं सांगायचं तर ती कॅच सुटली असती तर मी त्याला माफ केलं असतं. कॅच सुटली की तो माझ्याशी खरं बोलायचा.