बाटली संपली, डोस पुरा होईना

श्रीमती शैलजा पट्टणशेट्टी मॅडम यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. कोल्हापुरात नर्सिंगला प्रवेश घेऊन मला जेमतेम महिना झाला होता. शाहूवाडीच्या डोंगरातून आलेली, कला शाखेतून बारावी झालेली मी. गणिताला दहावीतच हात जोडले होते. मॅडम औषधांच्या मात्रेची गणितं शिकवत. उत्तर वहीत लिहून त्यांच्याकडे भागत नसे; तेवढं पाणी सिरिंजमध्ये भरून दाखवावं लागे.

त्या दिवशीचं गणित साधं होतं. एक ग्रॅम औषध दहा मिली पाण्यात विरघळवलंय, त्यातून बाळाला अडीचशे मिलिग्रॅम द्यायचंय. मीटरचे शंभर सेंटिमीटर, तसे ग्रॅमचे शंभर मिलिग्रॅम, असं धरून मी ठणकावून सांगितलं, पंचवीस मिली. मॅडमनी शांतपणे बाटली आणि पाच मिलीची सिरिंज हातात दिली. दोनदा भरली आणि बाटली कोरडी पडली.

“बाटली संपली, डोस अजून पुरा होईना. उरलेलं कुठनं आणायचं?” त्यांनी विचारलं.

वर्ग खो खो हसला. मग त्यांनीच समजावलं, की ग्रॅमचे मिलिग्रॅम हजार; म्हणजे अडीचशे हा बाटलीचा पाव हिस्सा, अडीच मिली.

मात्रेच्या चाचणीत त्या काठावर कुणाला पास करत नसत. सगळी गणितं बरोबर, नाहीतर पुन्हा बसा. पस्तीस टक्के पेशंट बरे करून वॉर्ड चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी नापासच होत राहिले, आणि चाचणी सुटल्याशिवाय वॉर्डात पाऊल ठेवता येत नव्हतं. अखेर हे शिक्षण आपल्याला झेपायचं नाही असं मी घरी कळवलं. वडील, म्हणजे आमचे आबा, न्यायला आले तेव्हा मी बॅग भरून तयारच होते.

मॅडम कागलच्या दुकानदार लिंगायत घरात वाढलेल्या. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि आवाज दोन्हीकडे रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असा. त्यांनी आबांना बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, भातावर फवारायच्या पंपात औषध कोण मापून घालतं. आबा म्हणाले, हीच घालती की. पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली.

“आणि पंप दहा लिटरचा असला तर?” मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

“वीस,” मी म्हणाले.

“मग गणित येतंय की हिला. भ्या वाटतंय, त्याचं मी बघतो. पावणं, तुम्ही चहा घेऊन जावा.”

आबा एकटेच एस.टी.त बसले. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत मॅडम मला समोर बसवू लागल्या. ओरडत भरपूर. बाळाचं वजन बघ, बाटली बघ, अंदाज सांग आणि मगच पेन उचल, हा एकच धोशा. त्यांच्या डब्यातली निम्मी भाकरी माझ्याच पोटात गेली. चाचणी सुटली तेव्हा कौतुकाचा शब्द नाही. मात्र दुसऱ्या दिवशीपासून माझी नेमणूक लहान मुलांच्या वॉर्डात केली, जिथं मात्रा सगळ्यांत लहान आणि चूक सगळ्यांत महाग. एवढा विश्वास माझ्यावर तोवर कुणीच टाकला नव्हता. आबांना फोन लावला आणि आधी पोटभर रडून घेतलं.

आता त्याच वॉर्डाची मी इन्चार्ज सिस्टर आहे. मध्यंतरी मॅडम तापानं आमच्याच रुग्णालयात दाखल झाल्या. त्यांचं इंजेक्शन मी आपणहून भरायला घेतलं आणि नकळत त्यांच्यापुढे तपासायला धरलं.

“मी पेशंट हाय आता. दुसऱ्या सिस्टरला दाखवून आण,” त्या म्हणाल्या.

दाखवून आणलं. मॅडमनी हात पुढे केला, डोळे घट्ट मिटले आणि दुसऱ्या हातानं माझा पदर धरला. आम्हा पोरींच्या पिढ्या टोचायला शिकवणाऱ्या मॅडमना सुईचं भ्या वाटतं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. त्यांनी ते कधी कळू दिलं नव्हतं.

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या आमच्या मॅडमना उदंड आयुष्य लाभो; आणि ते इतकं ठणठणीत असो, की त्यांना सुई लावायची पाळी त्यांच्या एकाही विद्यार्थिनीवर पुन्हा न येवो.