शेजारची हळद अन् माझी कंबर

कंबरदुखीवाल्या दोस्तांनो, आज सकाळी शेजारच्या पोरीच्या हळदीचा डीजे वाजला अन् माझा इलाजच संपला.

गाडीवरून पडल्यापासून कंबर कायमची धरली, कॉलेज सुटलं. जाफराबादचे डॉक्टर म्हणाले, "आवडेल ते करत जा. डोपामिन वाढलं की दुखणं सोसवतं." मला आवडायचा तिचा मेसेज. तो आला की अंगणात चालायलाही जमायचं. सांगा, आता डोपामिन आणू कुठून?

आईला यातलं काहीच माहीत न्हाई. "गाणे वाजून राह्यले, मंग ऐक की! गल्लीतले सगळे पोरं पंगत वाढायला गेले. तू काय नवरदेव आहेस का?"

"मला न्हाई जायचं!" मी ओरडलो.

"तू पडला तव्हा नवरीच्याच बापानं उचलून आणल्तं तुला," आई म्हणाली.

कमरेचा पट्टा आवळला, बाहेर पडलो, मागं दार ओढून घेतलं अन् पंगत वाढायला तिच्या मांडवाकडं निघालो.